शिष्टमंडळासह खारदांडा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत युरोप पाहून आलेली अकरा जोडपी आहेत. केरळ, काश्मीर, राजस्थानला जाऊन आलेल्यांची तर मोजदादच नको. पण खारदांड्याला गेलेलं कुणीही नाही. मी सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींना एकेक करून विचारलं. एकीने उलट मलाच विचारलं, "ते रत्नागिरीच्या पुढे लागतं का गं?" तेव्हा ठरवलं, की हे लिहायलाच हवं.

गेल्या थंडीत मी तीन दिवसांचा परदेश प्रवास केला. तो सगळा अंधेरी ते खार एवढ्या टापूत झाला, पासपोर्ट कपाटातच राहिला, तरी मी त्याला परदेश प्रवासच म्हणते. का ते पुढे कळेल.

झालं असं, की माझ्या बहिणीच्या मुलीचा, मृणालचा, फोन आला. ती अंधेरीला राहते आणि एका संस्थेत काम करते. देशादेशांची भांडणं लागली, की दोन्हीकडच्या शहाण्या माणसांना एका खोलीत बसवायचं, हे त्या संस्थेचं काम.

"मावशी, तुझं इंग्रजी अजून शाबूत आहे ना?"

"तीस वर्षं शाळेत शिकवलंय. मुलांचं माहीत नाही, माझं आहे."

"झकास. मग उद्या बॅग भरून ये. आमच्या दुभाष्याला कावीळ झालीय. माझी वाट लागलीय गं."

मी बॅग भरायला घेतली. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जगात शांतता तू आणणार? दुसऱ्या मजल्यावरच्या साठेबाईंशी कुंडीवरून तीन वर्षं बोलत नाहीस ती?" मी उत्तर दिलं नाही. राजनैतिक मौन म्हणतात ते हेच असावं.

पहिला दिवस: अंधेरी

विमानतळाजवळच्या एका हॉटेलात बैठक होती. मृणालच्या टेबलावर दोनच पाहुणे. त्यांच्या देशांची नावं मी सांगणार नाही, मृणालने शपथ घातली आहे. एवढंच सांगते, की एक देश उत्तरेला, एक दक्षिणेला आणि मध्ये चिंचोळा समुद्र. त्या समुद्रात रेघ नेमकी कुठे, यावरून दोघांचं दोन पिढ्यांचं भांडण. उत्तरेकडून आले होते नौदलातून निवृत्त झालेले एक कमांडर, सहा फुटांहून उंच, इस्त्री केल्यासारखे ताठ. दक्षिणेकडून आल्या होत्या एक निवृत्त राजदूतबाई, बुटक्या, गोऱ्यापान, दिवसभर नुसतं गरम पाणी पिणाऱ्या.

"सगळे निवृत्तच कसे गं?" मी मृणालला हळूच विचारलं.

"सरकारं एकमेकांशी बोलत नाहीत ना, मावशी. मग सरकारातून बाहेर पडलेले बोलतात. एक पान जरी लिहून झालं, तरी ते घरी जाऊन आपल्या जुन्या सहकाऱ्यांच्या हातात देतील. ते अजून खुर्चीत आहेत."

ते एक पान होतं कोळ्यांविषयी. मासे धरता धरता रेघ ओलांडली, की इकडचे कोळी तिकडच्या तुरुंगात आणि तिकडचे इकडच्या. आम्ही एसीत बसलो होतो त्या घटकेलाही दोन्हीकडे माणसं आत होती.

पण पान राहिलं बाजूला, सकाळचा पहिला तास झेंड्यांवर गेला. टेबलावर दोन छोटे झेंडे होते. राजदूतबाईंच्या लक्षात आलं, की उत्तरेचा झेंडा बोटभर उंच आहे. मग मृणालने दक्षिणेच्या झेंड्याखाली चहाच्या पेल्याखालची जाड चकती सरकवली. आता तो नखभर उंच झाला. कमांडरांनी घसा खाकरला. शेवटी चकतीचा वरचा पापुद्रा सोलून काढला, तेव्हा कुठे समतोल साधला. मला आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची आठवण झाली. तिथे कोणत्या बाईंची खुर्ची पाहुण्यांच्या किती जवळ, यावर असंच चालायचं. फक्त तिथे नौदल नव्हतं.

दुसरी गंमत म्हणजे हे दोघं एकमेकांशी थेट बोलतच नसत. दीड हातावर बसलेली माणसं, पण "अध्यक्ष महोदया, समोरच्या मान्यवरांना विचारावं, की त्यांना वारा जास्त होतोय का." मृणालने विचारायचं. मग, "अध्यक्ष महोदया, त्यांना सांगावं, की होत नाही." मृणालची मान दिवसभर टेनिस बघणाऱ्यासारखी हलत होती.

दुपारनंतर गाडी एका शब्दावर अडली. बाई म्हणाल्या, "आमच्या कोळ्यांना तुम्ही अटक करता, तसंच लिहा." कमांडर म्हणाले, "आम्ही अटक करत नाही. भरकटलेल्यांना सुरक्षित ठिकाणी नेतो." बाई म्हणाल्या, "त्या सुरक्षित ठिकाणाला गज असतात." मग बाईंच्या देशातल्या तुरुंगांचा विषय निघाला, आणि तिथे सुरक्षितता कोण आणि अटक कोण, हे बरोबर उलटं झालं. संध्याकाळपर्यंत कागदावर तारीख आणि जागा एवढंच लिहून झालं होतं. अंधेरी या नावाला दोघांचीही हरकत नव्हती.

"मावशी, उद्या तुझ्यावर आहे गं सगळं," मृणाल घरी पिठलं ढवळता ढवळता म्हणाली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना खारदांड्याला न्यायचं होतं. तिथे काशिनाथ नावाचे एक कोळी राहतात. काही वर्षांपूर्वी वरच्या, सौराष्ट्राकडच्या एका बोटीवर ते खलाशी म्हणून गेले. बोटीचं मशीन बंद पडलं, वाऱ्याने रेघेपलीकडे नेलं, आणि ते शेजारच्या देशाच्या तुरुंगात जाऊन पडले. त्यांचं बोलणं पाहुण्यांना ऐकवायचं, म्हणजे कदाचित कागद पुढे सरकेल, असा मृणालचा हिशेब.

दुसरा दिवस: खारदांडा

दोन देशांसाठी दोन गाड्या सांगितल्या होत्या. एक सुरूच होईना. ड्रायव्हरने बॉनेट उघडून आत असं पाहिलं, जसा डॉक्टर नातेवाइकांकडे बघतो. त्यामुळे सगळे एकाच गाडीत. मृणाल पुढे, मागे खिडक्यांना दोन राष्ट्रं आणि मधे मी. जुहू मागे पडेपर्यंत दोघंही आपापल्या खिडकीतून बाहेर पाहत होते. पण रस्त्याला खड्डे आहेत, आणि खड्ड्याला सीमारेषा कळत नाही. डावा खड्डा आला, की कमांडर माझ्या अंगावर, उजवा आला, की बाई. दर वेळी दोघंही माझीच माफी मागत. खार येईपर्यंत माझ्या दोन्ही दंडांवर चकमकीच्या खुणा होत्या.

मोठ्या इमारती संपतात आणि गल्ली अचानक चिंचोळी होते, तिथून दांडा सुरू होतो. गाडी तिथेच सोडली. घरं एकमेकांना खांदा देऊन उभी, दारादारात जाळ्यांचे निळे-हिरवे ढीग, आणि गल्ली संपली की समोर एकदम समुद्र. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, तोंडात तोंड अडकवून, हजारोंनी. वाऱ्यावर ते सगळे एकदम हलत होते. वास म्हणाल, तर मी मूळची मालवणकडची, मला तो वास वाटतच नाही. बाईंनी रुमाल काढला. कमांडरांनी मात्र छाती भरून श्वास घेतला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

काशिनाथ ओट्यावर जाळं सांधत बसले होते. साठीला टेकलेले, बारीक, कमी बोलणारे. त्यांची बायको मंजुळाताई दारातच उभी. नाकात ठसठशीत नथ, आवाज असा, की पलीकडच्या बोटीवर ऐकू जावा.

"आधी जेवा, मग काय ते इचारा," तिने फर्मावलं. मी भाषांतर केलं. राजदूतबाई म्हणाल्या, की कार्यक्रमपत्रिकेत जेवण शेवटी आहे. मी तेही मराठीत सांगितलं. मंजुळाताईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी कार्यक्रमपत्रिका आपणहून मिटवली.

तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचं कालवण, तळलेल्या मांदेल्या. मी तोंडभरून कौतुक केलं आणि बोलण्याच्या ओघात म्हणून गेले, "आमच्याकडे यात तिरफळं घालतात."

"कोळंबीत? तिरफळ?" मंजुळाताई थांबली. "बाई, मग कोळंबीची चव कंदी बघता तुमी?"

मी माघार घेतली. मालवण आणि दांडा यांचे संबंध त्या क्षणी किती ताणले गेले, ते पाहुण्यांना सांगितलं नाही.

इकडे पाहुण्यांचं वेगळंच चाललं होतं. कमांडरांनी एक मांदेली उचलून शेंगेसारखी सोलली आणि आपल्या देशातलं तिचं नाव सांगितलं. बाई ताडकन म्हणाल्या, "हे नाव आमचं आहे. तुम्ही आमच्याकडून घेतलंत." कमांडर म्हणाले, "मासा आमच्याकडून तुमच्याकडे पोहत येतो, नाव पण तसंच आलं असेल." अध्यक्ष महोदया भाकरी मोडत बसल्या होत्या, त्यांना कुणी विचारलंच नाही. दोन दिवसांत पहिल्यांदा ते थेट बोलले, आणि बोलले म्हणजे भांडलेच. मृणाल माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, हे लय भारी चाललंय."

हात धुवून झाल्यावर सगळे ओट्यावर बसलो. कमांडरांनी वही उघडली.

"रेघ कुठे आहे, हे यांना माहीत होतं का?"

मी विचारलं. काशिनाथ जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले, "त्यांना बोला, समोर समुद्र हाय. रेघ दाखवा."

बाईंनी विचारलं, "तुरुंगात कसं वागवलं?"

"भात कच्चा असायचा. एक शिपाई चांगला होता. पापलेट कसं निवडायचं ते माझ्याकडून शिकला." त्यांनी जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. "मार नाय खाल्ला. पण घरी कळवा, कळवा, असं रोज बोलायचो. त्ये बोलायचे, वर पाठवलंय. वर कुठं, त्ये त्यांना पण म्हाईत नव्हतं."

मग मंजुळाताई बोलायला लागली. ती एकदा सुरू झाली ती थांबेचना. मी ऐकत होते आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. ती थांबली तेव्हा मी पाहुण्यांकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "यांना अकरा महिने नवऱ्याची काहीच बातमी नव्हती. तो काळ फार कठीण गेला. संबंधितांनी वेळेवर कळवायला हवं होतं, असं यांना वाटतं."

दोघांनी मान हलवली. कमांडरांनी एक ओळ लिहून घेतली.

मंजुळाताई माझ्याकडे पाहतच राहिली. "झालं?"

"झालं."

"मी येवरा वेळ बोलले, आणि तुमी तीन घासांत संपवलात? इंग्रजी येवरी लहान भाषा हाय का?"

मृणालला हसू आलं. मला आलं नाही. "ताई, मी जरा सौम्य करून सांगितलं," मी म्हणाले.

"कशाला? मी सौम्य बोलले का?"

तीस वर्षं मी पालकांना सौम्य करून सांगत आले होते, की तुमचा मुलगा हुशार आहे, फक्त थोडा चंचल आहे. त्यातल्या अर्ध्या पालकांना खरं काय ते कधीच कळलं नसणार. मी पाहुण्यांना म्हटलं, "माफ करा. माझं चुकलं. मी पुन्हा सांगते, आणि या वेळी या जशा म्हणाल्या तसं."

मग मी मंजुळाताईला एकेक वाक्य पुन्हा बोलायला लावलं आणि एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले.

ती म्हणाली, की तिसऱ्या महिन्यात भावकीतली माणसं आली आणि म्हणाली, त्याचं दिवसकार्य करून टाक, आत्मा अडकून राहतो. म्हणाली, की रोज सकाळी आरशासमोर उभी राहायची आणि कुंकवाचं बोट कपाळापर्यंत न्यायची, आणि लावू की नको, हे रोज नव्याने ठरवायची. म्हणाली, एकदा सासूने बांगड्यांना हात घातला, तर मी तिच्या हाताला चावले. म्हणाली, "रेघ तुमची का त्यांची, मना काय करायचंय? घ्या की अर्धी अर्धी. पण ज्याच्याकडे माझा माणूस हाय, त्याने सांगावं. मेला म्हणा, जिता म्हणा, कायतरी म्हणा. येवरं शिकलात, बोटी बांधल्यात, तोफा लावल्यात, आणि एक नाव कळवता येत नाय? थू तुमच्या शिकण्यावर!"

थू या शब्दाला इंग्रजीत प्रतिशब्द मला सापडला नाही. मी तो होता तसाच ठेवला, आवाजासकट.

कमांडरांनी वही मिटली होती. त्यांच्या ताठ मानेवर घाम दिसत होता. राजदूतबाई म्हणाल्या, "त्यांना विचारा, किती दिवसांत कळायला हवं होतं."

मंजुळाताईला विचार करावा लागला नाही. "तीन. तीन दिवस माणूस आपला आपण धीर धरतो. चौथ्या दिवशी लोकं धीर द्यायला येतात. त्ये येच्या आधी."

परतीच्या वाटेवरही मी मधेच होते. खड्डे तेच होते, पण या वेळी कुणी माफी मागितली नाही. दोघंही आपापल्या खिडकीबाहेर पाहत होते. फक्त विलेपार्ल्याच्या सिग्नलला कमांडर समोर बघत, सरळ बाईंना म्हणाले, "आमच्याकडे सध्या तुमचे किती जण आहेत, मला माहीत नाही. निवृत्त होण्यापूर्वीही माहीत नव्हतं."

बाई म्हणाल्या, "मलाही."

तिसरा दिवस: पुन्हा अंधेरी

ओट्यावर मन हललं म्हणून टेबलावर शब्द हलतात, असं मला वाटलं होतं. तसं काही नसतं. सकाळी दहा वाजता पुन्हा अटक विरुद्ध सुरक्षित ठिकाण सुरू झालं. फरक एवढाच, की आता दोघं थेट एकमेकांशी भांडत होते, आणि मृणालच्या मानेला विश्रांती होती. त्यातच बाईंचं विमान दुपारी चारला होतं. जेवणाच्या वेळेपर्यंत कागद तारीख आणि जागेच्या पुढे सरकला नव्हता. मृणालच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तिने ते चष्मा पुसण्याच्या निमित्ताने पुसलं, आणि अचानक माझ्याकडे वळली.

"मावशी, काल मंजुळाताई नेमकं काय म्हणाली? अटक म्हणाली का?"

"नाही. ज्याच्याकडे माझा माणूस आहे, असं म्हणाली."

मृणालने ते इंग्रजीत फळ्यावर लिहिलं. ज्याच्याकडे माणूस आहे, त्याने. अटक नाही, सुरक्षित ठिकाण नाही, नुसतं आहे.

कमांडर फळ्याकडे पाहत राहिले. "आहे," ते म्हणाले. "आहे, याला माझी हरकत नाही. कारण तो असतोच."

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "माझीही नाही."

पुढे दिवसांवर ओढाताण झाली. कमांडर म्हणाले, समुद्रावरून बंदरात, बंदरातून राजधानीत, किमान सात दिवस हवेत. बाई म्हणाल्या, तीन. कमांडरांनी बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि म्हणाले, "त्या बाईंच्या घरी जाऊन सात सांगायची माझी तयारी नाही. तीन लिहा."

एका पानाचं शेवटी एक वाक्य झालं. ज्याच्याकडे माणूस आहे, त्याने तीन दिवसांत त्याचं नाव त्याच्या घरी कळवावं. रेघ, बोटी, दंड, शिक्षा, सगळं तसंच राहिलं. दोघांनी सह्या केल्या. हस्तांदोलन झालं नाही. छायाचित्रही काढलं नाही, कारण झेंड्यांच्या कोणत्या बाजूला कोण उभं राहणार, हा विषय नव्याने काढायला कुणातच त्राण नव्हतं.

"तीन दिवस आणि एक वाक्य," मृणाल रिकाम्या खोलीत खुर्चीवर धपकन बसत म्हणाली. "आणि तेही बहुतेक फायलीतच जाणार."

मी तिला चहा आणून दिला. दुसरं काय करणार? त्याच संध्याकाळी मी मुलुंडला घरी आले. ह्यांनी विचारलं, "झाली शांतता?" मी म्हटलं, "आधी भात लावते."

पुन्हा खारदांडा

पावसाळा सरला, आणि नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रात जायला लागल्या होत्या. एका सकाळी मृणालचा फोन आला. आवाज असा, की मी आधी घाबरलेच.

"मावशी, उत्तरेने दक्षिणेकडची एक बोट धरली गं, आत एकच कोळी. आणि दक्षिणेकडच्या त्या माणसाच्या घरी निरोप गेला. नावासकट. चार दिवसांत! राजदूतबाईंनी आत्ता कळवलंय."

दहा मिनिटं मी स्वयंपाकघरात नुसती उभी होते. मग साडी बदलली आणि निघाले. या खेपेला गाडी नाही, पाहुणे नाहीत, कार्यक्रमपत्रिका नाही. गल्ली चुकले, एका बाईला विचारलं, तिने हात धरून दारापर्यंत आणून सोडलं.

मंजुळाताई ओट्यावर टोपली धूत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं, कागदावर लिहिलेल्या तीन दिवसांसकट. तिने टोपली उपडी केली, पाणी निथळू दिलं.

"चार?" ती म्हणाली. "तीन लिवलेलं ना?"

"हो. पण चार दिवसांत तरी कळलं ना, ताई."

"त्यांना बोला, तीन लिवलंय तर तीन." मग ती पदराला हात पुसत उठली आणि आत तोंड करून ओरडली, "आवो, आयकलात काय? तिकरं कुणाच्या तरी घरी चार दिसांत कळलं!"

काशिनाथ बाहेर आले. हातात जाळ्याची सुई तशीच. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव काय त्याचं?"

मला माहीत नव्हतं. एवढ्या लांब बातमी घेऊन आले आणि नावच विचारलं नव्हतं. मी तिथेच ओट्यावर बसून मृणालला फोन लावला. तिने राजदूतबाईंचा निरोप उघडून पाहिला आणि नाव सांगितलं, सावकाश, अक्षर अक्षर सोडवून. मी ते काशिनाथांना सांगितलं.

आपल्याकडच्या जिभेला ते नाव अवघड होतं. काशिनाथांनी एकदा म्हणून पाहिलं, चुकलं. मंजुळाताईने म्हणून पाहिलं, तिचंही चुकलं. मृणाल फोनवरून पुन्हा पुन्हा सांगत राहिली, आणि आम्ही तिघं समुद्राकडे तोंड करून ते म्हणत राहिलो, नीट जमेपर्यंत.